आबांनी गुऱ्हाळ वाढवलं

हिंदुरावमामा टेंपोतून उतरले ते काहिलीसकट.

उसाचा रस उकळायची एवढी मोठी काहील आमच्या वस्तीवर कुणी पाहिली नव्हती. टेंपोच्या हौद्यात ती आडवी मावेना म्हणून उभी करून दोरखंडांनी आवळली होती. मामा निपाणीपासून आमच्या शेतापर्यंत एका हातानं तिला आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरच्या टोपीला धरून उभे होते.

"दाजी!" पाय जमिनीला टेकायच्या आत ते ओरडले. "आणली बघा! आता वाढवायचं तर असं वाढवायचं, की पंचक्रोशीनं बघत ऱ्हायला पायजे!"

आबा चरकात ऊस सारत होते. त्यांनी काहिलीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून एवढंच म्हणाले, "पावणं, आधी च्या घ्या."

मी तिथंच चिपाडं वाळत घालत होते. रस काढून उरलेली उसाची चिपाडं हेच आमच्या चुलाणाचं जळण. हातातली मोळी हातातच राहिली. वाढवायचं? गुऱ्हाळ वाढवायचं?

कारण सोमवारी सकाळी मला मिरजेला हजर व्हायचं होतं. नर्सिंगच्या कोर्सला माझा नंबर लागला होता. त्या वर्षी बॅच उशिरा, संक्रांत उलटल्यावर सुरू होणार होती, आणि ती नेमकी आमच्या गुळाच्या ऐन हंगामात आली. ट्रंक भरून तयार होती, पण आबांच्या तोंडून अजून 'जा' आलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "शनिवार-रविवार निभावून ने, मग बघू." आमच्या आबांचं 'बघू' ऐकून ज्यानं वाट पाहिली तो म्हातारा झाला, असं आईच म्हणायची.

आमचं गुऱ्हाळ ते केवढं! राधानगरीच्या रस्त्याला, नदीच्या अंगाला दोन-अडीच एकर शेत, त्यातला ऊस, शेजारपाजाऱ्यांचा थोडा, एक चरक, एक चुलाण, एक काहील. आबा स्वतःच गुळवे. चुलाणात जळण सारायला येसाबा, उकळत्या रसावरची मळी काढायला आणि बाकी सतरा कामांना आई आणि मी. एवढ्यावर कसंबसं चालायचं. त्यात ही हत्तीएवढी काहील आल्यावर घरातलं एक माणूस मिरजेला पाठवण्याची गोष्ट कोण काढणार?

मला लहानपणापासून चौकशीची खोड. कोण आलं, कशाला आलं, रिकामं का गेलं, हे कळल्याशिवाय मला घास गिळायचा नाही. आई म्हणायची, "नको तितं नाक खुपसत जाऊ नगं." आबा मात्र मला कौतुकानं फौजदार म्हणायचे. तर फौजदारानं मोळी खाली टाकली आणि आईला गाठलं. ती ओढ्यावर ढेपेची फडकी धूत होती. गुळाच्या साच्यात घालायची ही फडकी एरवी रोज नुसती खळबळून काढायची, हंगाम संपला की धुवायची. त्या दिवशी ती एकेक फडकं दगडावर आपटून, सोडा लावून धूत होती.

"आई, आबा गुऱ्हाळ वाढवणार हाईत?"

तिचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"मामा आलाय की काहील घिऊन."

"काहील घिऊन?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग का कोण जाणे, तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसली आणि त्याच पदरानं डोळे पुसले. "व्हय बाई. वाढवायचं म्हणत्यात खरं."

"आणि माझं मिरजेचं?"

"ते तुझ्या आबास्नी इचार. हे पिळू लाग."

ताकास तूर लागू देईना. मी पिळायला लागले.

आता गुऱ्हाळाचा एक रिवाज सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चुलाण पेटतं असताना त्याच्यासमोर काही शब्द काढायचे नाहीत. 'विझलं' म्हणायचं नाही. 'संपलं' म्हणायचं नाही, रस संपला तर 'पुरा झाला' म्हणायचं. 'बंद' तर स्वप्नातही नाही. लहानपणी मी एकदा इंजिन बंद पडल्यावर "आबा, बंद पडलं!" असं ओरडत आले होते, तर येसाबानं मला उचलून चुलाणाकडे पाठ करून उभं केलं आणि माझ्यावरून मीठ ओवाळलं. आबा तर या बाबतीत देवळातल्या पुजाऱ्याहून कडक. हंगामभर ते शब्द त्यांच्या तोंडून घरात सुद्धा निघायचे नाहीत.

चहा झाल्यावर मामा कामाला लागले, म्हणजे येसाबाच्या भाषेत उंटावरून शेळ्या हाकायला लागले. मामांचं निपाणीत सायकलचं दुकान. उत्साह एवढा की पंक्चरच्या सायकलीवर बसूनही कोल्हापूर गाठतील. त्यांनी कुठून तरी सुंभाची दोरी मिळवली, नव्या काहिलीचं माप घेतलं आणि हरभऱ्याच्या वाफ्याकडेला खुंट्या ठोकायला सुरुवात केली.

"वैजू, दोरी धर. हितं नवं चुलाण खणायचं. तोंड पूर्वेला. धुराडं तिकडं."

"मामा, तुला आबांनी नक्की काय सांगितलं?"

"अगं, तुमच्या गावच्या दुकानातनं फोन केला. म्हणलं, 'हिंदुराव, गुऱ्हाळ वाढवतोय, शनवार-रईवारी या.' एवढंच. दाजींचं बोलणं म्हंजे तारच. पण मी काय उगं मोकळ्या हातानं येणार?"

आबा समोरून गेले. खुंट्या पाहून क्षणभर थांबले. चुलाणाकडे बघितलं, खालचा ओठ चावला आणि म्हणाले, "हिंदुराव, तितं हरभरा हाय. पाय जपून." आणि गेले.

सगळंच चमत्कारिक चाललं होतं. एका आदणाचा, म्हणजे एका वेळच्या काहिलीचा रस उकळायला लागला की मधे वेळ मिळायचा, त्या वेळात आबा आम्हाला नुसते पिदडत होते. शेडमधलं जुनं लाकूडसामान बाहेर काढा. फुटके साचे वेगळे करा. येसाबा, इंजिन पुसून तेल घाल. आई, सगळी फावडी घासून ठेव. स्वतः शिडी लावून पत्र्याच्या एकेका नटबोल्टाला तेल सोडत बसले. मामा खालून म्हणाले, "शेड सरकवायची दिसतीया. बेस!" आबा वरून "हं" म्हणाले.

मी पाहत होते, मनात गाठी मारत होते, आणि जितकं पाहावं तितकं एकच दिसत होतं. जागा मोकळी होतेय. मोठं काही येतंय. मिरज जातेय.

आमच्या आबांची प्रसिद्धी त्यांच्या नाकाची. गुळाची काहील कधी उतरवायची हे ठरवायला कुणी पाण्यात थेंब टाकून गोळी बघतं, कुणी फेसाचा रंग बघतं. आबा डोळे मिटून उभे राहायचे आणि वासावर "उतरा!" म्हणायचे. क्षणभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. आबांचा अंदाज कधी चुकला नाही. लहानपणी ते मला खांद्यावर घेऊन विचारायचे, "काय म्हणतोय गं?" मी हुंगून सांगायची, "गवत म्हणतोय." थोड्या वेळानं, "आता कणीस म्हणतोय." आणि शेवटी, "शेंगा! भाजल्या शेंगा!" की आबा हसून "उतरा" म्हणायचे. तो आमचा खेळ होता. मधे तो सुटला आणि गेले दोन हंगाम पुन्हा सुरू झाला होता. प्रत्येक आदणाला, न चुकता. मला वाटायचं, आबा मला तयार करतायत. याच गोष्टीचा मला अभिमान होता आणि आता याच गोष्टीची धास्ती वाटायला लागली होती.

दुपारी जेवणं झाल्यावर मामांनी खिशातून अत्तराची कुपी काढली. आबांच्या मनगटावर बोट फिरवलं. "हुंगा दाजी. कशाचं हाय वळखा."

आबांनी मनगट नाकाशी धरलं. डोळे मिटले. बराच वेळ घेतला.

"गुलाब," ते म्हणाले.

"गुलाब?" मामा उडालेच. "दाजी, खस हाय खस! तुमच्यासारख्या माणसानं—"

"चिपाडाच्या धुरात बसलेल्याला काय कळतंय," आबा म्हणाले आणि उठले.

मी तीन हातांवर बसले होते. मला तिथूनही खस आला होता.

संध्याकाळी मी बांधाला जनावरांसाठी उसाचं वाडं कापत होते. एकदम दूध लागल्याचा वास आला. शेडमागच्या तीन दगडांच्या चुलीवर आईनं दूध ठेवलं होतं. मी विळा टाकून धावत आले. पातेल्यातून दूध उतू जाऊन निखाऱ्यावर जळत होतं, आणि चुलीशेजारी, हात लांब केला तर पातेल्याला लागेल इतक्यावर आबा पाठ करून बसले होते, साच्याची कडी ठोकत.

"आबा! दूध!"

ते दचकून वळले. "आरं! लागलं व्हय?"

आई आली. एरवी दूध लागलं असतं तर तिनं आबांची सात पिढ्यांसकट पूजा बांधली असती. त्या दिवशी तिनं निमूटपणे पातेलं उतरवलं, आबांकडे एकदा पाहिलं आणि राखेनं घासायला बसली. एक शब्द नाही. लागलेल्या दुधापेक्षा मला त्या गप्प बसण्याचंच नवल वाटलं.

रविवारी सकाळी मामांच्या मानपानासाठी आईनं सुकट भाजायला घेतली. सुकट भाजली की आमच्या वस्तीवरची मांजरं नदीपल्याडहून येतात. आबांना तर सुकट म्हणजे जीव की प्राण. तव्यावर पडायच्या आत ते पाटावर येऊन बसलेले असायचे. त्या दिवशी ते चुलीच्या धुरात उभे राहून दाढी करत होते. मामा शिंकत बाहेर पळाले, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी शांतपणे वस्तरा पुसला आणि विचारलं, "आज कालवण काय करालीयास?"

आईनं तवा पदराआड धरला. "वांगं," ती म्हणाली.

"बरं," आबा म्हणाले आणि गेले.

मी आईसमोर जाऊन बसले. तिनं मान वर केली नाही.

"आई, आबांना वास येत न्हाई."

"हळू बोल."

"कवापास्नं?"

"गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात तो ताप आला हुता बघ. त्यातनं उठलं, पर नाक उठलं न्हाई." सुकट तव्यावर काळी पडायला लागली होती. तिचं लक्ष नव्हतं. "डाक्टरनं सांगितलं, ईल न्हाई तर न्हाई बी येणार. कुणाला सांगू नगंस म्हणून शपथ घातली मला. तुला तर न्हाईच न्हाई."

दोन हंगाम 'काय म्हणतोय गं' म्हणून आबा मला विचारत होते ते शिकवायला नव्हे. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आमच्या गुऱ्हाळाचा नावाजलेला गूळ दोन वर्षं माझ्या नाकावर उतरत होता आणि मला मेलीला ती परीक्षा वाटत होती. मला आधी आबांचा राग आला, मग इतकी माया आली की तिथं बसवेना. मी गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडले.

आणि रडता रडता दुसरा विचार आला. नाक नसलेला माणूस गुऱ्हाळ वाढवायला निघालाय, तो कुणाच्या भरवशावर? एकदा वाटलं, उठावं, ट्रंक उचलावी आणि आजच्याच एस्टीनं मिरज गाठावी. एकदा वाटलं, ट्रंकेतले कपडे काढून पुन्हा दांडीवर टाकावेत. शेवटी डोळे पुसून बाहेर आले तेव्हा माझं ठरलं होतं. मी राहणार होते. सांगून टाकायचं, म्हणजे आबांना विचारायची वेळ यायला नको.

पण रविवारी आबा एका जागी सापडतील तर शपथ. सकाळपासून आदणावर आदण चाललं होतं. मी वाडं कापलं, धारा काढल्या, मळी वर यावी म्हणून भेंडीची झाडं ठेचून रसात घातली, ती मळी काढली, ढेपा उचलून शेडमध्ये लावल्या. प्रत्येक आदणाला आबा डोळे मिटून विचारत, "काय म्हणतोय गं?" आणि मी सांगत होते. आता प्रत्येक वेळी सांगायच्या आधी दोनदा हुंगत होते. जरा लवकर सांगितलं तर? जरा उशीर झाला तर? काल-परवापर्यंत खेळ होता म्हणून कधी चुकले नव्हते.

उन्हं कलली तेव्हा रसाची टाकी तळाला आली होती. शेवटचा रस काहिलीत पडला. आजूबाजूच्या वस्तीवरची चार माणसं कुणी न बोलावता येऊन उभी राहिली. मला वाटलं, मामांची काहील बघायला आली असतील. आईनं ताटात हळदकुंकू आणि नारळ आणून ठेवला. मी संधी साधली.

"आबा, मला बोलायचं हाय."

"आदण उतरल्यावर बोल."

"आत्ताच बोलायचं हाय. मिरजेचं—"

"वैजू," त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चष्मा वाफेनं आंधळा झाला होता. तो काढून धोतराच्या सोग्यानं पुसत ते म्हणाले, "ह्या आदणाला तू गप बसायचं. काय बी झालं तरी. माझं मी बघणार."

"पर आबा—"

"गप म्हणलं न्हवं?"

मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा.

येसाबा चिपाडं सारत होता. काहील उकळत होती. आबा तिच्या काठाशी, मी त्यांच्या समोर, पलीकडच्या बाजूला. आधी गवत आलं. मग कणीस. आबा डोळे उघडे ठेवून फेस पाहत होते, बोटावर थेंब घेऊन पाण्यात टाकत होते, गोळी चिमटीत धरून बघत होते. नवशिका गुळवा करतो तसं. मला बघवेना. मग शेंगा आल्या. कच्च्या, अर्ध्या, आणि मग तो वास, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं नाक वर करून उभी राहायची. आता, आबा. आता म्हणा. आबांनी आणखी एक थेंब पाण्यात टाकला. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. शेंगांच्या मागून कडवट वास यायला लागला. आबांनी थेंब सोडला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"उतरा!" ते ओरडले.

माणसं धावली. काहील उचलून गूळ निववायच्या वाफ्यात ओतली. गुळाला सोनेरी रंग यायचा तो आला नाही, पिकल्या जांभळासारखा आला. उभ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. आबांनी स्वतः तो गूळ साच्यात भरला. एकच ढेप झाली.

मग त्यांनी पाय धुतले. चुलाणाच्या तोंडाशी बसून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, त्याचं पाणी निखाऱ्यांवर शिंपलं. चर्र झालं. आईनं घागर पुढं केली. आबांनी ओंजळीनं पाणी घेऊन निखाऱ्यावर सोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. धूर उठला आणि पातळ झाला. मग काळ्या पडलेल्या चुलाणाला हात जोडून ते म्हणाले, "वाढवलं रं बाबा. लई दिलंस."

येसाबा टोपी काढून रडायला लागला. मामा हातात सुंभाची दोरी घेऊन उभे होते.

"दाजी," ते म्हणाले, "मग आता नवं चुलाण कदी खणायचं?"

"कसलं नवं चुलाण?"

"आवो, वाढवतोय म्हणलासा न्हवं फोनवर!"

"वाढवलं की आत्ता. तुमच्याम्होरं."

मामांच्या हातातली दोरी खाली पडली. त्यांनी चुलाणाकडे पाहिलं, मग हरभऱ्यातल्या खुंट्यांकडे, मग त्या हत्तीएवढ्या काहिलीकडे. "आवो मग बंद करतोय म्हणायचं की सरळ!"

"पेटल्या चुलाणाचा धनी तसं बोलतोय व्हय?" आबा म्हणाले. "आणि तुम्ही इचारालासा? रोज राती दुकान वाढवतासा न्हवं तुम्ही? का रोज त्याला मजला चढवतासा?"

उभी माणसं हसली. मामाही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्या मात्र कानात एकच शब्द घुमत होता. धुतलेली फडकी, तेल सोडलेले बोल्ट, मोकळी केलेली शेड, आईचं हसणं आणि त्याच पदरानं डोळे पुसणं. नारळ वाढवतात, दिवा वाढवतात, बांगडी फुटली तर वाढवली म्हणतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण काहील बघितली आणि फौजदाराची अक्कल तिच्यात बुडाली.

"आबा, ऊस उभा हाय अजून," मी म्हणाले.

"कारखान्याला जाईल."

"पर का?"

"वय झालं."

"खोटं. तुमास्नी वास येत न्हाई म्हणून."

माणसं पांगायला लागली होती, तरी आबांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग आईकडे. आई म्हणाली, "मी न्हाई सांगितलं. तिनंच काढलं हुडकून."

"काढणारच," आबा म्हणाले. "फौजदार हाय."

"मी न्हाई जात मिरजेला," मी म्हणाले. "मी सांगतो की वास. हितंच ऱ्हातो. चुलाण परत पेटवू या."

आबा माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "माझं नाक म्हणून हितं खुंट्याला बांधून घालाय तुला वाढवलं व्हय मी?" खाली बसून त्यांनी राखेत बोट फिरवलं. "दोन हंगाम तुझ्या नाकावर खाल्लं, बास झालं. तू हितं हाईस तवर मी इचारणार आणि मी इचारतोय तवर तू जाणार न्हाईस. मग दोघांतलं एक वाढवाय पायजेच हुतं. चुलाण वाढवलं. उद्या सकाळची एस्टी हाय. ट्रंक येसाबा डोक्यावर घील."

मी त्यांच्या शेजारी राखेत बसले.

मामांची ती काहील परत गेली नाही. टेंपोवाला रिकामा परतला होता आणि ती उचलून नेणार कोण? ती आजही शेतात आहे. म्हशी तिच्यातून पाणी पितात आणि मामा आले की तिच्याकडे पाठ करून बसतात. मी मिरजेहून शिकून आले, ठिकठिकाणी नोकरी केली, आता निवृत्तही झाले. इतक्या वर्षांत आबांचं नाक काही परत आलं नाही.

त्या सोमवारी सकाळी आम्ही फाट्यावर एस्टीची वाट पाहत बसलो होतो. आबा, मी आणि ट्रंक. येसाबा ट्रंक ठेवून लवकर गेला, कारण त्याला निरोप घेता यायचा नाही. आबांनी धोतराच्या सोग्यातून एक पुडकं काढलं. कालच्या शेवटच्या ढेपेचा तुकडा होता. त्यांनी तो माझ्या नाकाशी धरला.

"काय म्हणतोय गं?"

मी हुंगला. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्या एका गोष्टीत मी आबांशी कधी खोटं बोलले नव्हते.

"करपलाय, आबा."

"म्हाईत हाय मला."

"कसं म्हाईत? रंगावरनं?"

"रंग नंतर दिसला. त्याच्या आधीच कळलं."

"मग उतरवला कशावरनं?"

लांबून एस्टीचा हॉर्न वाजला. आबांनी पुडकं बांधून माझ्या हातात कोंबलं आणि ट्रंकेची कडी धरून उठले.

"तुझ्या डोळ्याला धार लागली तवा," ते म्हणाले. "गप बस म्हणलं हुतं, तरी सांगितलंसच की."